बोंब तिसऱ्या डाउनची, दुखणं पहिल्या डाउनचं

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, १० यार्ड पुढे जायचं असतं. थर्ड अँड ११, म्हणजे तिसरा डाउन आणि ११ यार्ड बाकी, असताना समोरच्या टीमने १४ यार्डांचा पास पूर्ण केला की कॉलेज फुटबॉलच्या चाहत्याचं डोकं फिरतं, आणि त्यात चूक काहीच नाही. कॉर्नर (रिसीव्हरला धरणारा कडेचा डिफेंडर) ८ यार्ड मागे का उभा होता, ब्लिट्झ (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) का नाही केला, कोऑर्डिनेटरला (डिफेन्स आखणाऱ्या कोचला) पगार कशाचा देताय, हे प्रश्न साधारण याच क्रमाने येतात. दर शनिवारी ३५-४० पॉइंट देणाऱ्या टीमबद्दल तर ऑक्टोबरपर्यंत दुसरं काही बोललंच जात नाही. पण असे सामने पुन्हा लावून, फक्त पहिले डाउन सलग बघितले, की बहुतेक वेळा चोर दुसरीकडेच सापडतो.

पहिल्या डाउनला ऑफेन्सला (चेंडू असलेल्या टीमला) १० पैकी निम्मे, म्हणजे ५ यार्ड मिळाले, की तो प्ले यशस्वी धरतात. दुसऱ्या डाउनला उरलेल्यातले ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला सगळे. सक्सेस रेट काढायची ही नेहमीची पद्धत. सेकंड अँड ४ वर ऑफेन्सच्या हातात सगळे पत्ते असतात: रन, प्ले-ॲक्शन (रनचं सोंग करून पास), लांब पास, काहीही. डिफेन्सला तिथे अंदाज बांधायला जागाच उरत नाही. याउलट सेकंड अँड ९ झालं की कोऑर्डिनेटर पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने काही तरी बोलावू शकतो. ढासळलेला डिफेन्स थर्ड अँड ११ फारसा बघतच नाही. तो बघतो थर्ड अँड २, आणि कित्येकदा तिसऱ्या डाउनपर्यंतसुद्धा पोहोचत नाही. ११ वाला प्ले लक्षात राहतो, कारण तो दुर्मीळ असतो.

पहिल्या डाउनला गळती कुठून होते, ते साध्या मोजणीतून कळतं. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा), असे सहा ब्लॉकर उभे राहिले की त्यांच्या मधल्या पाच आणि दोन्ही टोकांच्या दोन, अशा सात गॅप, म्हणजे पळायच्या फटी, होतात. समोर आजचा नेहमीचा ४-२-५ डिफेन्स (चार लाइनमन, दोन लाइनबॅकर, पाच मागचे) घ्या: दोन कॉर्नर, एक निकेल (पाचवा मागचा डिफेंडर) आणि दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे) खोल. बॉक्समध्ये, म्हणजे चेंडूसमोरच्या गर्दीत, उरले सहा. गॅप सात, माणसं सहा. त्यात क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असेल तर एरवी चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅकही ब्लॉकिंगला मोकळा होतो आणि तूट आणखी एकाने वाढते.

ही तूट भरायचे मार्ग मोजकेच. एक सेफ्टी खाली आणला तर आकडा जुळतो, पण मागे एकच सेफ्टी उरतो आणि कॉर्नर बाहेर जवळपास एकटे पडतात. दोन्ही सेफ्टी मागे ठेवून, रन ओळखताक्षणी त्यातल्या एकाने खाली धावत यायचं, हा क्वार्टर्स कव्हरेजचा मार्ग. तो सुरेख चालतो, फक्त सेफ्टीचे डोळे शाबूत हवेत. प्ले-ॲक्शनला एकदा फसला की डोक्यावरून पोस्ट रूट (मध्याकडे वळणारी लांब धाव) गेलाच. तिसरा मार्ग म्हणजे मधला डिफेन्सिव्ह टॅकल इतका दणकट असणं की तो एकटा दीड-दोन गॅप धरतो आणि दोन ब्लॉकर स्वतःकडे ओढून घेतो. तसा माणूस असला की कोऑर्डिनेटर हुशार दिसतो.

एक प्ले जवळून बघू. फर्स्ट अँड १०, चेंडू एका हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगांपैकी एकीवर), ऑफेन्स रुंद बाजूकडे इनसाइड झोन (लाइनच्या मधून जाणारी रन) पळवतोय. सेंटर आणि गार्ड मिळून डिफेन्सिव्ह टॅकलला डबल टीम करतात. टॅकलने खांदे स्क्रिमेजच्या (जिथून प्ले सुरू होतो त्या) रेषेला समांतर ठेवून, खाली बसून, जागा सोडायची नसते. तो कडेने निसटायला बघतो, खांदे वळतात आणि तो दोन यार्ड मागे ढकलला जातो. साडेचार यार्डांवरचा लाइनबॅकर मोशनमधल्या (प्ले सुरू होण्याआधी जागा बदलणाऱ्या) रिसीव्हरकडे बघून एक पाऊल चुकीच्या दिशेला टाकतो. तेवढ्यात गार्ड डबल टीम सोडून त्याच्या छातीवर येतो. आता दहा-अकरा यार्डांवरून सेफ्टी येतोय. त्याने बॅकच्या आतल्या खांद्यावर नजर ठेवून, त्याला साइडलाइनकडे रेटत यायला हवं. तो सरळ अंगावर धावतो, बॅक एक कट मारतो आणि ४ यार्डांचे २७ होतात. रिप्लेमध्ये दिसते फक्त सेफ्टीची हवेतली उडी. शिव्या त्याला. वळलेले खांदे टीव्हीवर कोणी दुसऱ्यांदा दाखवत नाही.

कॉलेजचे नियम डिफेन्सला एनएफएलपेक्षा (व्यावसायिक लीगपेक्षा) जास्त छळतात, हेही ध्यानात घ्यायला हवं. मैदानाची रुंदी १६० फूट, आणि कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं अंतर ४० फूट. एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूटच आहे. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट. त्या १०० फुटांतला निकेल किंवा बाहेरचा लाइनबॅकर एकाच वेळी रनची कड आणि स्लॉट (आतल्या बाजूचा) रिसीव्हर सांभाळतो. आरपीओमध्ये (रन की पास ते प्ले सुरू झाल्यावर ठरवायचा प्रकार) क्वार्टरबॅक नेमका अशाच एखाद्यावर डोळा ठेवून असतो. तो रनकडे आला की पास, मागे राहिला की रन. आणि कॉलेजमध्ये लाइनमन पास सुटेपर्यंत ३ यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. समोरचा गार्ड दोन यार्ड पुढे येऊन ब्लॉक करताना दिसला की लाइनबॅकर रन समजणारच. त्याला ‘डोळे उघडे ठेव’ म्हणून ओरडणं सोपं आहे.

वर टेम्पो, म्हणजे प्लेमागून प्ले झटपट खेळणं. ऑफेन्सने माणूस बदलला नाही तर डिफेन्सला बदलायला वेळ दिला जात नाही. सव्वातीनशे पौंडांचा टॅकल सलग सातव्या स्नॅपला (चेंडू सोडून प्ले सुरू होतो तो क्षण) उभा असतो, आणि खांदे वळतात ते तिथेच. २०२४ पासून एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर) कोच एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलू शकतो, पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की किंवा स्नॅप झाला की आवाज बंद. शिवाय त्या एका खेळाडूने बाकीच्या दहांना सांगायचं असतं. त्यातल्या एकाला जरी चुकीचं ऐकू आलं, तरी एक रिसीव्हर मोकळा सुटतो. टीव्हीवर जो ‘याला कव्हर कोण करणार होतं?’ छाप प्ले दिसतो, त्यात बऱ्याचदा दोघं जण दोन वेगळी कव्हरेज खेळत असतात.

आता ब्लिट्झ. पाच किंवा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडली की मागे सहा किंवा कमी उरतात. क्वार्टरबॅकने हॉट रूट (ब्लिट्झवरचा झटपट पास) ओळखला तर चेंडू दोन सेकंदांत हातातून जातो आणि ब्लिट्झ अर्ध्या वाटेवर असतो. मॅन कव्हरेज (एकास एक डिफेंडर) आणि दबाव यांच्याच जोरावर नाव कमावलेल्या मिशिगनच्या डिफेन्सचं २०१८ मध्ये ओहायो स्टेटने काय केलं ते आठवा. एकमेकांना छेदून जाणारे उथळ क्रॉसिंग रूट, त्यात मॅनवाले डिफेंडर एकमेकांत अडकलेले, स्कोअर ६२-३९. पुढच्या वर्षी ५६-२७. त्याऐवजी हल्ली चांगले कोऑर्डिनेटर सिम्युलेटेड प्रेशर वापरतात. दिसायला सहा जण येणार असं दाखवायचं, यायचे चौघंच, पण त्यात एक लाइनबॅकर असतो आणि एक लाइनमन मागे कव्हरेजला जातो. मागे सातही राहतात आणि समोरच्या लाइनचा गोंधळही होतो. मात्र हे सगळं थर्ड अँड लाँगला. सेकंड अँड ३ ला असला खेळ करणारा लाइनमन मागे जाताजाताच रन त्याच्या गॅपमधून निघून गेलेला असतो.

कॉर्नर मागे उभा राहण्याबद्दलचा राग मला अर्धाच पटतो. थर्ड अँड १२ ला ८ यार्डांचा पास देऊन तिथेच पाडायचं, हा हिशेब वाईट नाही. तो बिघडतो पाडता न आल्याने. आणि सीझन सुरू झाल्यावर दुखापतीच्या भीतीने जमिनीवर पाडेपर्यंतचा टॅकलिंगचा सराव फार थोडा होतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये नीट न बसलेलं तंत्र ऑक्टोबरमध्ये सुधारणं कठीण. बघायचं ते एवढंच: टॅकल करणाऱ्याचे पाय संपर्कापर्यंत चालू आहेत का, की दोन यार्डांवरून झेप घेतोय? ज्या बाजूचा खांदा, त्याच बाजूचा पाय पुढे आहे का? डोकं खाली गेलं की दिसणं बंद होतं आणि टार्गेटिंगची (डोक्याने किंवा डोक्यावर धडक देण्याचा फाउल) टांगती तलवार वेगळीच. १५ यार्ड तर जातातच, खेळाडूही बाहेर.

आकडे काढून भांडायचं तर एक फसवी गोष्ट आधी बाजूला करा. कॉलेजच्या आकडेवारीत सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचे) गमावलेले यार्ड रशिंगमधून, म्हणजे पळून मिळवलेल्या यार्डांतून, वजा होतात. समजा, बॉक्स स्कोअरमध्ये समोरच्या टीमचे ३८ कॅरी आणि १५२ यार्ड दिसतायत, सरासरी ४. बरं वाटतं. त्यातले ४ सॅक आणि उणे ३० यार्ड काढले की ३४ कॅरी, १८२ यार्ड, सरासरी ५.३५. रन डिफेन्स पार फाटलेला आहे, आणि वर दिसतोय ठीकठाक. तसंच एकूण यार्ड बघून उपयोग नाही. आपला ऑफेन्स दीड मिनिटात टचडाउन करून किंवा तीन इनकंप्लीट पास टाकून परत येत असेल तर डिफेन्सच्या वाट्याला प्लेच जास्त येतात. प्रति प्ले यार्ड आणि प्रति ड्राइव्ह पॉइंट बघा. पिक-सिक्स (आपला पास समोरच्याने पकडून केलेला टचडाउन) आणि किक रिटर्नचे पॉइंट डिफेन्सच्या खात्यातून काढा, आणि निकाल लागून गेल्यावर राखीव खेळाडूंनी दिलेलेही.

घरी बसून शोध घ्यायचा असेल तर कागदावर फक्त पहिल्या डाउनची नोंद करा: स्नॅपआधी खोल सेफ्टी किती, बॉक्समध्ये किती, किती यार्ड गेले. दोन सेफ्टी खोल आणि बॉक्समध्ये सहा असताना सतत ५-६ यार्ड जात असतील तर आधी डिफेन्सिव्ह लाइनकडे बघा. सेफ्टी खाली आणूनही तेच होत असेल तर लाइनबॅकरांचं वाचन किंवा टॅकलिंग गेलंय. रन थांबतोय पण डोक्यावरून मोठे पास जातायत, तर उरलेला सेफ्टी किंवा कॉर्नर. कोऑर्डिनेटरवर खापर फोडायचं ते या तिन्हींपैकी एक दुखणं सलग चार-पाच आठवडे दिसूनही त्याने काही बदललं नाही तर. तेव्हा मात्र फोडावंच.

सीझनच्या मध्यात कोऑर्डिनेटर काढल्याने काय होतं? ओक्लाहोमाने ऑक्टोबर २०१८ मध्ये टेक्ससकडून ४८-४५ असे हरल्यावर माइक स्टूप्सना काढलं. त्यानंतरच्या नोव्हेंबरातल्या चार सामन्यांत डिफेन्सने दिलेले पॉइंट: ४६, ४७, ४० आणि ५६. चारही सामने जिंकले, पण ते क्वार्टरबॅक कायलर मरीच्या हाताने. यूएससीने नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनकडून ५२-४२ अशी हार पत्करल्यावर दुसऱ्याच दिवशी ॲलेक्स ग्रिंचना काढलं. त्या सामन्यात मायकल पेनिक्ससारखा पास टाकणारा समोर असूनही खरं नुकसान केलं रनिंग बॅक डिलन जॉन्सनने, २५६ यार्ड पळून. नंतर ओरेगनने ३६ आणि यूसीएलएने ३८ घातले. ये रे माझ्या मागल्या. दोन आठवड्यांत नवी भाषा, नवे फिट (कोणी कोणती गॅप धरायची ते) बसवता येत नाहीत, हंगामी माणूस जुन्याच कॉलची यादी आखूड करतो.

बदल चालतो तो हिवाळ्यात केलेला, कारण पुढे वसंतातले १५ सराव मिळतात. क्लेमसनने जानेवारी २०१२ च्या ऑरेंज बोलमध्ये वेस्ट व्हर्जिनियाकडून ७०-३३ असा मार खाल्ला, केव्हिन स्टील गेले, ब्रेंट व्हेनेबल्स आले, आणि २०१६ व २०१८ च्या सीझनची राष्ट्रीय विजेतेपदं आली. कधी कधी न बदलणंही चालतं. ओहायो स्टेटचे कोऑर्डिनेटर जिम नोल्स यांच्या डिफेन्सला २०२२ मध्ये मिशिगनने ४५-२३ असं लोळवलं. चौथ्या क्वार्टरमध्ये डॉनोव्हन एडवर्ड्स ७५ आणि ८५ यार्ड पळाला, दोन्ही वेळा मागे कोणीच नव्हतं. ओहायो स्टेटच्या चाहत्यांनी तेव्हा काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको. त्याच नोल्सच्या डिफेन्ससह टीम २०२४ च्या सीझनची विजेती ठरली.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत नव्या कोऑर्डिनेटरच्या नावापेक्षा पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) कोण येतंय ते बघायला हवं. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅक खाऊन जातो. उरलेल्यात रिसीव्हर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. ३०० पौंडांवरचे, डबल टीमखाली न हलणारे टॅकल मुळात थोडे, आणि जे आहेत त्यांना सोडायला कोणी तयार नसतं. आपल्या टीमने तसे निदान दोघं आणले का, आणि त्यांनी आधीच्या कॉलेजात सामन्याला किती स्नॅप खेळले होते, हे तपासा. १५-२० स्नॅपचा माणूस ४५ स्नॅप खेळवायला आणला असेल, तर सप्टेंबरपासूनच पहिल्या डाउनचा कागद हाताशी ठेवा.