विमानाचं तिकीट किलोच्या भावाने?

कुठल्या तरी विमानतळावर प्रवाशांची वजनं घेतल्याची बातमी आली की लगेच चर्चा रंगते: आता तिकीटही वजनावरच लावणार! बॅग २३ किलोंच्या वर गेली तर जादा पैसे, मग माणूस ६० किलोंचा असो वा १२०, भाडं एकच का? युक्तिवाद चोख वाटतो. पण बॅगेची ३२ किलोंची कमाल मर्यादा मुळात ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे, विमानाच्या सोयीसाठी नाही. आणि विमान मोठं की छोटं, हे विचारल्याशिवाय या वादाला अर्थच नाही.

आधी मोठं जेट घेऊ. एअरबस ए-३२० चं कमाल उड्डाण वजन सुमारे ७८ टन. १८० प्रवासी, युरोपात धरतात तसे हातातल्या सामानासकट सरासरी ८४ किलोंचे धरले, तरी सगळे मिळून १५ टनांच्या आसपास. उरलेलं वजन विमानाचं स्वतःचं, इंधनाचं आणि पोटातल्या सामानाचं. लांबच्या प्रवासात जादा नेलेल्या प्रत्येक किलोमागे तासाला त्याच्या साधारण तीन टक्के इंधन जास्त जळतं. म्हणजे २० किलो जास्त वजनाचा माणूस आठ तासांच्या प्रवासात जाळतो जेमतेम पाच किलो जादा इंधन. तेच तिकीट मंगळवारच्या विमानाचं घेतलं की शुक्रवारच्या, एवढ्यावरून भाड्यात या इंधनाच्या किमतीच्या कितीतरी पट फरक पडतो. सीट, कर्मचारी, विमानतळाचं शुल्क हे खर्च तर प्रवाशाच्या वजनाने बदलतही नाहीत. मोठ्या विमानात बहुधा आधी संपते ती जागा. तिथे किलोवर भाडं लावणं म्हणजे पाच किलो इंधनासाठी प्रत्येक चेक-इन काउंटरवर भांडण विकत घेणं.

छोट्या विमानाचं गणित निराळं. नऊ प्रवासी नेणाऱ्या ब्रिटन-नॉर्मन आयलँडरचं कमाल उड्डाण वजन तीन टनांनाही जरा कमीच. तिथे चार धिप्पाड माणसं एकत्र आली की कुणाची तरी बॅग मागे राहते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या सामोआ एअरने २०१३ मध्ये किलोप्रमाणे भाडं जाहीर केलं, ते अशाच विमानांसाठी. बुकिंग करताना वजन सांगायचं, विमानतळावर काट्यावर उभं राहायचं, सामान आणि आपण मिळून जितके किलो तितके पैसे. ती कंपनी आता नाही, पण तिचा हिशोब खोटा नव्हता. लहान मुलांच्या कुटुंबाला तर तो स्वस्तच पडायचा.

बेटांवर, डोंगराळ भागात किंवा हेलिकॉप्टर सहलीला जाणार असाल, तर भाडं सरसकट असलं तरी वजन बहुतेक विचारलं जातंच. ते कपडे-बुटांसकट सांगा. दहा किलो कमी सांगून काहीच साधत नाही. काउंटरवर हँडबॅगेसकट काट्यावर उभं करतात आणि खरा आकडा यादीत जातो. जड वस्तू जॅकेटच्या खिशात कोंबणंही व्यर्थ, खिसेही तुमच्याबरोबर काट्यावर येतात. एकूण वजन जास्त भरलं तर बहुधा आधी सामान पुढच्या फेरीला टाकतात, मग एखादा प्रवासी थांबवतात. राखीव इंधनाला मात्र कुणी हात लावत नाही. उन्हाळी दुपारी आणि उंचावरच्या छोट्या धावपट्टीवर हवा विरळ, म्हणून तेच विमान सकाळपेक्षा कमी वजन घेऊन उडतं. सामान जास्त असेल तर सकाळची फेरी धरा. बॅग मऊ कापडी हवी, कडक सुटकेस छोट्या कप्प्यात शिरत नाही. दिलेली सीट मैत्रिणीशी परस्पर बदलू नका. कोण कुठे बसतो यावर विमानाचा तोल ठरतो.

मग मोठ्या कंपन्या वजनं घेतात कशाला? दर प्रवाशामागे जे सरासरी वजन धरतात, ते नीट ठेवायला. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये ऑकलंडला दहा हजारांवर प्रवाशांची वजनं घेतली ती नाव न नोंदवता, ऐच्छिक; फिनएअरनेही हे केलंय. सरासरी चुकली तर काय होतं, ते जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला दिसलं. एअर मिडवेस्टचं १९ आसनी बीचक्राफ्ट १९००डी टेक-ऑफनंतर कोसळलं, आतले सगळे २१ जण गेले. एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीची, केबल चुकीची बसवली होती, त्यात विमान जास्त जड आणि त्याचा गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे. कागदावर मात्र त्या काळच्या सरासरीने सगळं ठीक होतं. त्यानंतर अमेरिकेत सरासरी वजनं वाढवली. माणसं थोडी असली की सरासरी फसते, म्हणून युरोपात मोठ्या विमानात पुरुषाला ८८ किलो धरतात आणि पाच किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानात १०४.

संगणकही चुकतो. जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून पाल्माला निघालेल्या टूई या कंपनीच्या बोईंग ७३७ मध्ये नावापुढे ‘मिस’ लिहिलेल्या ३८ प्रौढ स्त्रियांना सॉफ्टवेअरने मुलं मानलं आणि प्रत्येकीचं वजन ६९ ऐवजी ३५ किलो धरलं. लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, होतं त्यापेक्षा विमान बाराशेहून अधिक किलोंनी जड निघालं. सुदैवाने फरक पेलण्यासारखा होता. तेव्हा फॉर्ममध्ये ‘प्रौढ’ की ‘मूल’ हे बघून भरा.

प्रवाशांची खरी कुरबुर वजनाची नसते, रुंदीची असते. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर नेणाऱ्या ब्रिटिश हेलिकॉप्टरांत २०१५ पासून खांद्याची रुंदी मोजतात. २२ इंचांच्या वर असेल तर मोठ्या खिडकीशेजारीच बसवतात, कारण पाण्यात उतरावं लागलं तर त्या माणसाला खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे. विमानात आर्मरेस्ट खाली येत नसेल तर शेजारची सीट घेणं उत्तम, पण ती फोनवरून घ्या. वेबसाइटवर एकाच नावाने दोन तिकिटं काढली की दुहेरी बुकिंग समजून एक रद्द होण्याची शक्यता असते. गेटवर दोन्ही बोर्डिंग पास स्कॅन झालेत ना, हे पाहा; नाहीतर दुसरी सीट रिकामी समजून भलत्यालाच दिली जाते. कॅनडात देशांतर्गत प्रवासात, अपंगत्वामुळे दुसरी सीट लागत असेल तर मोठ्या कंपन्यांना २००९ पासून तिचे पैसे घेता येत नाहीत. पण डॉक्टरांचा कागद आधी पाठवावा लागतो. पट्टा अपुरा पडला तर एक्स्टेंशन विमानात शिरतानाच मागा. घरून आणलेलं बऱ्याच कंपन्या लावू देत नाहीत.