टाकीत हजार मासे, पण आई-बाप किती?

दुर्मीळ माशांच्या संवर्धन केंद्राचा अहवाल उघडला की सगळ्यात आधी पिल्लांचा आकडा दिसतो: यंदा इतकी हजार पिल्लं तयार झाली. आकडा खरा असतो, पण तो भलत्याच गोष्टीचा असतो. मोठ्या माशाच्या एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, त्यामुळे दोन जोड्यांवरही अख्खा हौद भरतो. मग त्या हौदात निम्मे मासे एकमेकांची सख्खी भावंडं. खरं तर विचारायचं ते हे: या पिढीला आई-बाप किती, आणि प्रत्येकाचा वाटा सारखा आहे का?

यासाठी साधं सूत्र आहे. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. येतो तो आकडा म्हणजे प्रभावी संख्या, वैविध्य टिकवण्याच्या दृष्टीने खरोखर किती आई-बाप आहेत त्याचं माप. ५० माद्या आणि २ नर वापरले तर टाकीत ५२ मासे दिसतात, पण प्रभावी संख्या जेमतेम ७.७ येते. दर पिढीला जनुकीय वैविध्य घटतं ते १ भागिले प्रभावी संख्येची दुप्पट, म्हणजे इथे साडेसहा टक्के. दहा पिढ्यांत जवळपास निम्मं वैविध्य संपतं. तेच ५२ मासे २६ नर आणि २६ माद्या असे असते, तर दहा पिढ्यांत नऊ टक्केच गेलं असतं. पाणी, खाद्य, टाक्या सगळं तेच, फरक फक्त नरांच्या संख्येचा.

सुरुवातीला नदीतून किती मासे आणायचे, हेही हिशेबाने ठरवता येतं. एखादं ॲलील, म्हणजे जनुकाचं एखादं रूप, नदीतल्या माशांत ५ टक्के प्रमाणात असेल, तर एकमेकांच्या नात्यात नसलेल्या ३० माशांत ते सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. १० मासे आणले तर ६४ टक्के, ५ आणले तर ४०. मात्र ‘नात्यात नसलेले’ ही अट सगळ्यात आधी मोडते. एकाच डोहात एकदा जाळं टाकलं की एकाच विणीची पिल्लं हाती लागतात. म्हणून नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यांतून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वयाचे मासे थोडे थोडे घ्यावेत. धबधब्याने किंवा धरणाने फार पूर्वीपासून तुटलेले गट मात्र तपासल्याशिवाय एकत्र करू नयेत.

प्रजननाच्या टेबलावर सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही घाईमुळे. पाच नरांचं मिल्ट, म्हणजे शुक्रजंतू असलेला पांढरट द्रव, एकाच वाटीत मिसळून अंड्यांवर ओतलं की पाच बाप मिळाले असं वाटतं. पिल्लांची पितृत्व चाचणी केली की अनेकदा एखाद-दोन नरांनीच बहुतेक अंडी फलित केलेली दिसतात, कारण शुक्रजंतूंचा वेग आणि संख्या सारखी नसते. त्यापेक्षा प्रत्येक मादीच्या अंड्यांचे भाग करावेत आणि प्रत्येक भाग वेगळ्या नराच्या मिल्टने, वेगळ्या भांड्यात फलित करावा. भांडी, सिरिंज, हात, माशाचं पोट सगळं कोरडं हवं. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांचे शुक्रजंतू पाण्याचा थेंब लागताच हालचाल सुरू करतात आणि मिनिटभरात थकतात. मिल्टमध्ये माशाचं मूत्र मिसळलं तरी तेच होतं.

मग प्रत्येक कुटुंबातून सारखी पिल्लं ठेवायची. हे नीट साधलं तर प्रभावी संख्या प्रत्यक्ष संख्येच्या दुपटीजवळ जाते. २० जोड्यांच्या ४० माशांपासून जवळपास ७९. पण पिल्लं मोजायच्या आधीच एका हौदात सोडली तर मोठी कुटुंबं लहानांना खाऊन टाकतात, कधी अक्षरशः. खुणा करण्याजोगी मोठी होईपर्यंत कुटुंबं वेगळ्या टबात ठेवावीत. आकाराने चाळून बारकी पिल्लं काढून टाकणं तर बंदच करावं. उशिरा फुटलेल्या अंड्यांची अख्खी कुटुंबं त्या चाळणीतून नाहीशी होतात.

हे सगळं काटेकोर पाळूनही टाकी माशाला बदलतेच. कॅलिफोर्नियातल्या डेल्टा स्मेल्ट या लहानशा दुर्मीळ माशाचा जोड्यानुसार नोंद ठेवलेला राखीव साठा २००८ पासून चालू आहे. प्रत्येक माशाच्या डीएनएवरून नातं तपासून जोड्या लावतात, नदीतले मासेही मिसळत आले. तरीही नऊ पिढ्यांनंतर दिसलं की ज्यांचे जास्त पूर्वज टाकीतले, त्यांची पिल्लं जास्त जगतात. अर्थात, टाकीत! अमेरिकेतल्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट मासा) २००७ साली आलेल्या अभ्यासात टाकीतल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरलेली दिसली होती. म्हणून टाकीतल्या पिढ्या कमीत कमी ठेवाव्यात. नरांचं मिल्ट द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं हा एक चांगला मार्ग आहे. अंडी मात्र बलकामुळे आणि आकारामुळे तशी गोठवता येत नाहीत, त्यामुळे जिवंत माद्यांना पर्याय नाही.

नदीत पिल्लं सोडताना ‘जितकी जास्त तितकं बरं’ हा समज फार घातक आहे. समजा नदीतल्या माशांची प्रभावी संख्या ५०० आहे आणि टाकीतल्यांची १०. पुढच्या पिढीत निम्मा वाटा टाकीतल्या पिल्लांचा झाला, तर एकूण प्रभावी संख्या ३९ वर येते. वाटा दहा टक्केच ठेवला तर ती ३८० च्या आसपास राहते. म्हणजे सोडलेली पिल्लं जगली, वाढली, सगळं ‘यशस्वी’ झालं, तरी नदीतलं वैविध्य त्यांच्याखाली दबून जातं. नदीत मासे उरलेच नसतील तर प्रश्न वेगळा, तिथे सोडण्यावाचून इलाज नसतो.

कमी वैविध्य दिसलं म्हणजे दरवेळी टाकीचाच दोष, असंही नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या डेव्हिल्स होलमधला पपफिश हा छोटासा मासा एकाच कुंडात राहतो; २०१३ च्या वसंतातल्या मोजणीत ३५ मासे भरले होते. अशा माशाची तुलना मोठ्या नदीतल्या माशाशी करून उपयोग नाही. त्याच्याच जुन्या नमुन्यांशी करावी. त्याच्यासाठी वेगळ्या बांधलेल्या एका आश्रयकुंडात शेजारच्या जातीचे मोजके पपफिश शिरले होते, आणि थोड्याच पिढ्यांत तिथले मासे संकरित झाले. पाणी येण्या-जाण्याच्या नळाला जाळी हवी, हे इतकं साधं काम आहे.

डीएनए तपासणीच्या नमुन्यासाठी शेपटीच्या परांचा २-३ मिलिमीटर तुकडा पुरतो. तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलावं, कारण तुकड्यातल्या पाण्याने ते पातळ होतं आणि डीएनए तुटायला लागतो. दोन माशांमध्ये कात्री आधी पुसावी, मग ज्योतीतून काढावी. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरत असाल आणि एकाच मार्करवर, म्हणजे डीएनएच्या तपासलेल्या एकाच जागी, अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातलं प्रजनन) भरमसाट दिसत असेल, तर आधी त्या मार्करवर शंका घ्या. एक ॲलील वाचलंच गेलं नाही की दोन वेगळी ॲलील असलेला मासाही एकाच ॲलीलचा दिसतो. आणि लेबल पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. इथेनॉल सांडलं की बाहेरची शाई जाते, आणि मासा कुठल्या कुटुंबातला हे मग कुणालाच सांगता येत नाही.