दिवेलागणीला तुटणारे इंटरनेट

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे इंटरनेट जवळजवळ सहा आठवडे रोज संध्याकाळी तुटत होते. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि माझा ऑनलाईन तास सात वाजता सुरू होतो. नेमक्या त्याच वेळी पडद्यावरची आकृती थिजायची, माझा आवाज मुलांपर्यंत पोहोचेनासा व्हायचा आणि पाच-सात मिनिटांनी मी परत येईपर्यंत निम्मी मुले निघून गेलेली असायची. प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर तुटली की पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मुलांचे लक्ष पहिल्यासारखे राहत नाही. म्हणूनच हा दोष मी मनावर घेतला.

तक्रार मी पहिल्याच आठवड्यात नोंदवली होती. फोनवर राऊटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगण्यात आले, मी तसे केले, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला. दुसऱ्या तक्रारीनंतर सकाळी अकरा वाजता एक माणूस आला, त्याने मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, आकडा नव्वदच्या पुढे गेलेला दाखवला आणि तो निघून गेला. त्याला मी दोष देत नाही, कारण संध्याकाळी सातला होणारा बिघाड सकाळी अकराला दिसणार कसा? शिवाय स्पीड टेस्ट ही त्या वेळच्या काही सेकंदांपुरती मोजणी असते. नळाला पाणी किती जोराने येते हे त्यावरून कळते, पण ते मधूनच बंद पडते का, हे कळत नाही.

तोपर्यंत घरात आणि शेजारीपाजारी उपाय सुचवून झाले होते. कोणी राऊटर बदल म्हणाले, कोणी कंपनीच बदल म्हणाले. मी मात्र ठरवले की दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत काहीही बदलायचे नाही, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुरुस्ती झाली, तर ती कशामुळे झाली हे कायमचे गूढ राहते. फायबरच्या जोडणीत आपल्या लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत मोजके टप्पे असतात: लॅपटॉप ते राऊटर हा वायफायचा प्रवास, राऊटरपासून इमारतीतल्या डब्यापर्यंतची आपली तार, तिथून स्प्लिटरमार्गे, म्हणजे एकाच फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटून देणाऱ्या भागामार्गे, कंपनीच्या केंद्रापर्यंतची वाट आणि त्यापुढचे सारे. जवळून लांब जात एकेक टप्पा निर्दोष ठरवत जायचे, एवढीच माझी पद्धत होती.

सगळ्यात आधी मी वायफाय बाजूला काढले. लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट राऊटरला जोडला आणि संध्याकाळची वाट पाहिली. तारेवरही जोडणी तुटली, तेव्हा वायफायचा संशय फिटला. (तारेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. आपली योजना शंभर एमबीपीएसहून मोठी असेल आणि तारेवर वेग कायम ९३-९४ वर अडत असेल, तर आधी ती तार पाहावी. हजार एमबीपीएसला आतल्या आठही वायरी लागतात, शंभरला चार पुरतात, त्यामुळे एखादी वायर तुटली की यंत्रे मुकाट्याने शंभरवर उतरतात.)

मग लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारून उत्तराला किती वेळ लागतो हे मोजणारा छोटा संदेश, सुरू ठेवले: पहिले आपल्याच राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, दुसरे राऊटरनंतर लागणाऱ्या कंपनीच्या पहिल्या यंत्राला, ज्याचा पत्ता ट्रेसरूटच्या, म्हणजे वाटेतली यंत्रे क्रमाने दाखवणाऱ्या आज्ञेच्या, दुसऱ्या ओळीत मिळतो, आणि तिसरे ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला. पहिले थांबले तर दोष घरात, पहिले चालू राहून दुसरे थांबले तर मधल्या फायबरवर, आणि दोन्ही चालू असताना फक्त तिसरे थांबले तर कंपनीच्या त्या यंत्राच्या पलीकडे, असा सरळ हिशेब होता. मात्र मधले एखादे यंत्र पिंगला उत्तर देत नसेल आणि त्यापलीकडचे देत असेल, तर तो दोष समजू नये. अशी पुष्कळ यंत्रे पिंगला दुय्यम मानतात किंवा उत्तरच देत नाहीत. आमच्याकडे सातला दहा मिनिटे असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या, म्हणजे उत्तर न आल्याच्या, ओळी एकाखाली एक येऊ लागल्या आणि पहिल्या खिडकीत राऊटर एका मिलिसेकंदात उत्तर देत राहिला. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की त्याचे पान उघडते, त्यावर तो किती वेळ अखंड चालू आहे हेही दिसते. तो आकडा चार दिवसांचा होता, त्यामुळे अॅडॉप्टर किंवा वीज गेल्याने राऊटर बंद पडत असावा ही शंकाही मिटली.

दोष फायबरवर आहे हे ठरले, पण तो संध्याकाळीच का होतो? मुलीची एक जुनी वही घेऊन मी नोंदी ठेवू लागले. जोडणी कधी तुटली, कधी आली, राऊटरवरचा कोणता दिवा लुकलुकत होता, पाऊस होता की नव्हता. चार-पाच दिवसांत मला वाटले की उत्तर सापडले, कारण एका मुसळधार पावसाच्या दिवशी जोडणी सकाळपासूनच धड नव्हती. डब्यात पाणी शिरत असेल, असे मी कंपनीला कळवलेसुद्धा. पण पुढचे दोन दिवस लख्ख उघडीप होती आणि तरी संध्याकाळ झाली की तेच. वहीतल्या वेळा पाहिल्या तर सुरुवात रोज पावणेसात ते सातच्या दरम्यान होती आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सगळे आपोआप सुरळीत होत होते.

त्याच सुमारास मला राऊटरच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा सापडला. आमच्या राऊटरमध्येच फायबर येऊन जोडली जाते, त्यामुळे तो तिथे दिसतो. फायबरवर काम करणारी मंडळी त्याला नुसते ‘पॉवर’ म्हणतात. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे चिन्हाचा असतो. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, उणे १० म्हणजे त्याचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, आणि दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. आमच्यासारख्या जोडणीतले यंत्र साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचू शकते, म्हणजे मिलिवॉटचा जेमतेम पाचशेवा भाग. माझ्याकडे तो दुपारी उणे २५.६ होता. चालत होते, पण काठावर.

त्या संध्याकाळी मी तेच पान उघडून बसले होते. दिवेलागणीला आईने देवापाशी दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे डास येऊ नयेत म्हणून हॉलची खिडकी सरकवून घेतली. मी पान ताजे केले तर आकडा उणे २८.९ झाला होता. मी म्हटले, “आई, ती खिडकी पुन्हा उघडतेस का?” तिने उघडली, आकडा उणे २५.६. बंद केली, उणे २८.८. आम्ही दोघींनी हे सहा वेळा केले. खिडकीबाहेरच्या छोट्या डबीपासून राऊटरपर्यंत येणारी बारीक पांढरी तार स्लायडिंगच्या ट्रॅकमधून आत आणलेली होती, आणि काच पूर्ण सरकली की ती तार कोपऱ्यात दाबली जाऊन बोटाच्या पेरासारखी वाकत होती. मुसळधार पावसाच्या दिवशी खिडकी सकाळपासून बंद होती, आणि रात्री झोपण्याआधी वारा यावा म्हणून आई ती पुन्हा उघडत होती. वहीतली प्रत्येक नोंद जुळली.

काचेच्या तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. वळण फार तीव्र झाले की तो तिथून बाहेर निसटतो. साध्या फायबरला सुमारे तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण मानवत नाही. घरांसाठी एक सेंटीमीटरच्या आसपासचे वळण सहन करणारी फायबर मिळते, पण खिडकीची काच तिलाही दुमडून टाकते.

तिसऱ्या तक्रारीत मी एवढेच लिहिले की खिडकी उघडी असताना पॉवर उणे २५.६ आणि बंद असताना उणे २८.९ येते, सोबत नऊ दिवसांच्या वेळा दिल्या आणि माणूस संध्याकाळीच पाठवावा अशी विनंती केली. या वेळी आलेल्या तरुणाने वही उघडून दोन पाने नीट वाचली. मग त्याने राऊटरकडचे टोक काढून त्यात लाल लेझरचा पेन लावला आणि म्हणाला, “काकू, जरा लाईट बंद करता का?” अंधारात खिडकीच्या कोपऱ्यात, तार जिथे दुमडली होती तिथे, तिच्या पांढऱ्या आवरणातून लाल ठिणगीएवढा उजेड पाझरत होता. तो पाहून मला खरोखर भरून आले, कारण सहा आठवडे जे निसटत होते ते डोळ्यांना दिसले. (तारेच्या उघड्या टोकात मात्र कधीही डोकावू नये. नेहमीचा प्रकाश अदृश्य असला तरी तो डोळ्यांना अपाय करू शकतो.)

त्याला माझ्याहून एक गोष्ट जास्त कळली. “मॅडम, उघड्या खिडकीलासुद्धा पॉवर कमीच आहे,” तो म्हणाला. बाहेरच्या डबीतला हिरवा कनेक्टर त्याने काढला, स्पिरिटने पुसला आणि मीटर लावला तर आकडा उणे २०.९ आला, म्हणजे आधीच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश. नुसती तार ट्रॅकमधून काढली असती तर हा दुसरा दोष तसाच राहिला असता. त्याने नवी तार घालून ती भिंतीला वेगळे छिद्र पाडून आत आणली.

तक्रार नोंदवताना तिचा क्रमांक घेऊन ठेवावा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्राकडून समाधान झाले नाही, तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे तो क्रमांक लागतो. मला तिथवर जावे लागले नाही.

आतल्या खोलीत वायफाय अशक्त होते, ते वेगळ्या कारणाने. राऊटर लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता, तो मोकळ्यावर ठेवला आणि २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल शेजाऱ्यांच्या गर्दीतून ११ वर नेले, एवढ्याने तिथले काम भागले.

वही अजून राऊटरशेजारीच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, खिडकी बंद केल्यावर, मी त्यात एक आकडा लिहिते. या महिन्याचा उणे २१.० आहे.