तुम्ही विचारलंत म्हणून : नागपुरात लोकरीचे मोजे कशाला?

पहिला प्रश्न हाच. दुसरा, पुरुषमाणूस असून सुया काय घेऊन बसता. तो हल्ली कमी झालाय. तिसरा सगळ्यात जास्त टोचतो : "रोज सकाळी लोकांच्या फाटकासमोर उभं राहून काय पाहून राहिले असता?" लग्नात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत मी या तिन्हींना इतकी वर्षं हसून उत्तरं दिली. आता एकदा नीट सांगतो.

दुसऱ्याचं उत्तर लहान आहे. आईनं शिकवलं, मला आवडलं, सोडावंसं कधी वाटलं नाही.

पहिल्याचं थोडं मोठं. मेमध्ये इथे पारा ४५च्या वर जातो हे मला वेगळं सांगायला नको, मीही याच गावात कूलरसमोर झोपतो. पण २९ डिसेंबर २०१८ला याच नागपुरात ३.५ अंश होतं, ते तुम्ही विसरता. जानेवारीत पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक सुजलेल्या पोटऱ्यांवर वळ उठवतं. ॲक्रिलिकचा मोजा घाम शोषत नाही, पाय ओले राहतात आणि मग जास्तच गारठतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. आपल्याकडे दुकानांत लुधियानाचं ॲक्रिलिकच जास्त मिळतं, म्हणून तीन हिस्से लोकर आणि एक हिस्सा नायलॉन असा धागा मी बाहेरून मागवतो. नुसत्या लोकरीची टाच लवकर झिजते.

थंडीत हवे असतील तर उन्हाळ्यातच सुरू करावे लागतात. उन्हाळ्यात घामानं धागा सुईला चिकटतो, म्हणून पहाटे विणायचं.

पण हेही पूर्ण उत्तर नाही. पूर्वी मी "कोणाला तरी द्यायला विणतो" म्हणायचो. लोक लगेच गप्प व्हायचे, कारण दान म्हटलं की कोणी उलट विचारत नाही. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं : द्यायला कोणीच नसतं तर विणणं थांबवलं असतंस का? नसतं थांबवलं. १३ नंबरच्या चार सुयांवर सोळा-सोळा टाके, पाचवी सुई हातात, आणि गोल गोल फिरत सरळ नळी उतरत जाते. मग निम्मे बत्तीस टाके घेऊन टाचेची पट्टी. ती झाली की ओळ पूर्ण न करताच अर्ध्यातून मागे फिरायचं, दोन टाक्यांचा एक करायचा, पुन्हा मागे. काही ओळींत सपाट पट्टीला खोलगा येतो. कितीही वेळा केलं तरी तिथे माझा जीव गुंततो. हे मला आवडतं. एवढं कारण पुरत नसेल, तर माझ्याकडे दुसरं नाही.

आता तिसरा प्रश्न, फाटकांसमोर उभं राहण्याचा. स्वेटर घेऊन फिरता येत नाही, मोजा पिशवीत मावतो. सकाळी धरमपेठेतून निघतो, त्रिकोणी पार्कच्या बाकावर थोडं विणतो, मग गल्ल्या. 'श्रमसाफल्य', 'मातृछाया' अशा नावांचे बंगले, कमानीवर चढलेली मधुमालती, कुंपणाला गोकर्ण, सांदवाडीत पपई नि कढीपत्ता, दारात पारिजातकाचा सडा. कोणी परवानगी दिली तर आत जाऊन खांब, जाळ्या, कोनाडे बघतो. कधी महाल या जुन्या वस्तीत जातो. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा राजवाडा १८६४ साली जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला. राजवाडा आगीत गेला. आमच्याकडचे बंगले सहीनं जातात.

असाच एक बंगला होता, गल्ली सांगत नाही. कवेलूचं छप्पर, पुढे लाकडी जाळीची छपरी, कोपऱ्यात विहीर, आणि सगळ्या अंगणावर सावली धरणारा आंबा. समोर पुलिया होती, तिच्या कठड्यावर बसून मी विणायचो. आत एकट्या काकू राहत. आधी नुसती मान हलवणं, मग "कसे आहात भाऊ?", मग एकदा सोनटक्क्याचा कंद त्यांनी स्वतः खणून दिला. अनेक वर्षं असं चाललं.

एका सकाळी फाटकातून त्यांचा मुलगा आला. बाहेरगावी असतो, तोवर मी त्याला पाहिलेलं नव्हतं.

"काय भाऊ, कोण्या बिल्डरकडून आले?"

मी म्हणालो, कोणाकडून नाही, इथे रोज बसतो.

"तेच म्हणून राहिलो ना. रोज येऊन प्लॉट पाहता. किती रेट सांगायला लावला?"

मी हातातला मोजा दाखवला. टाच नुकतीच वळवून झाली होती. त्यानं तो बघितला, मग मोबाइल काढून माझा फोटो घेतला. पुन्हा दिसलात तर पोलिसांत देईन म्हणाला. गल्लीतला दूधवाला थांबला, शेजारच्या गच्चीवर दोघं-तिघं आली. मला ओळखणारी माणसं होती ती. आणि काकू छपरीत उभ्या होत्या, जाळीला धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मुलाला "अरे, हे आपले भाऊ" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी उठलो, लोकर गुंडाळली आणि निघालो. सुई निसटून टाके सुटले होते, ते घरी येईपर्यंत कळलंही नाही.

त्या गल्लीत मी बरेच महिने गेलो नाही. थंडीत त्यांच्या कामवाल्या बाई माझं घर शोधत आल्या. हातात वर्तमानपत्राची घडी. त्यावर पेनानं दोन पावलं काढलेली. "काकूनं म्हटलं, मोजे पाहिजे. पैसे किती?" मी पैसे घेतले नाहीत आणि निरोपही दिला नाही. त्या मापावर चौसष्ट टाक्यांची जोडी विणून पाठवली.

पुढच्या दिवाळीनंतर तिथे फ्लॅटच्या स्कीमचा बोर्ड लागला. आंबा आधी पडला, मग कवेलू उतरवले.

तेव्हाचा मी तावातावानं म्हणत होतो की विकणारे हावरट असतात. आज तसं म्हणवत नाही. दर पावसाळ्यात छपरी गळायची, कवेलू फेरणारी माणसं मिळत नाहीत, आणि काकू न्हाणीघरात पडल्या होत्या, हे बाईंकडून नंतर कळलं. मुलानं त्या घरात आईला एकटं ठेवायला हवं होतं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण म्हणून ते घर पडलं ते बरं झालं, हेही माझ्या तोंडून येणार नाही. "नुसतं जुनं घर, त्याचा उपयोग काय?" असं विचारणारे तेच, जे माझ्या मोज्यांबद्दल विचारतात. मला त्या अंगणाचा उपयोग होता, आणि त्याची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती. तो माझा हक्क होता का? मुलगा म्हणेल नाही. कदाचित बरोबर म्हणेल.

काकू आता दुसऱ्या भागात, चौथ्या मजल्यावर असतात. बाईंकडून निरोप आलाय : मोजे ऊब देतात, पण टाचेपाशी आवळतात. सपाट कागदावरून घोट्याची सूज कळत नाही, ते खरंच आहे. नवी जोडी बहात्तर टाक्यांवर घातली आहे, वरची सुलट-उलट पट्टी सैल ठेवून. माप नीट घ्यायचं तर मला स्वतःला जावं लागेल, आणि दार बहुतेक तो मुलगाच उघडेल. जायचं की नाही, ते अजून ठरत नाही.