सहीच्या आधी आणि नंतर

अमेरिकेत स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेचा जनसंपर्क मी सांभाळते. एरवी या व्यवसायात नाव जितके गाजेल तितके काम चांगले झाले, असे मानले जाते. मी मात्र बातमी छापून आली की आधी एवढेच तपासते की, तिच्यातून कोणाचा पत्ता, कोणाचे कामाचे ठिकाण किंवा कोणाच्या मुलाची शाळा उघड तर झालेली नाही ना.

वार्ताहरांचे फोन बहुधा दुपारी येतात. सरकारने एखादा नवा आदेश काढलेला असतो, संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते आणि त्या आदेशाची झळ बसलेले एखादे कुटुंब त्यांना हवे असते. ही मागणी मुळीच गैर नाही, कारण ज्या बातमीत माणूस दिसत नाही ती वाचली जात नाही. पण ज्यांच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे, त्यांच्या बाबतीत बोललेला प्रत्येक शब्द जपावा लागतो. 2005च्या रिअल आयडी कायद्यानुसार अर्जदाराच्या जबाबांमधली विसंगती मूळ दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली, तरी त्याची विश्वासार्हता ठरवताना ती विचारात घेता येते. घर कोणत्या महिन्यात सोडले, हे मुलाखतीत गडबडीत चुकीचे सांगितले गेले, तर तेच कात्रण पुढे सुनावणीत समोर येऊ शकते. त्यामुळे वकिलाने होकार दिल्याखेरीज मी कोणालाही वार्ताहरापुढे बसवत नाही, मग त्या दिवशी बातमीत आमची संस्था नसली तरी चालेल.

याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. आमच्या मदतीने कामाचा परवाना मिळालेल्या एका बाईंना आम्ही वार्षिक अहवालासाठी छायाचित्र मागितले होते. दुभाष्याने संमतीपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली आणि पहिला परिच्छेद संपायच्या आत त्यांनी पेन उचलले. "तुम्ही माझ्यासाठी एवढे केलेत, मग मी नाही कशी म्हणू?" असे त्या म्हणाल्या. कागदावर सही झाली, पण मला त्या सहीत उपकाराची परतफेडच अधिक दिसली. शिवाय छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर त्या काम करत असलेल्या दुकानाचे नाव आणि मागच्या खिडकीतून रस्त्याची पाटी, दोन्ही स्पष्ट वाचता येत होते. ते छायाचित्र आम्ही वापरले नाही. तेव्हापासून ज्या कर्मचाऱ्याकडे त्या व्यक्तीचे प्रकरण आहे, त्याने संमती मागायची नाही, असा नियम केला आहे. मागणी झाल्यावर उत्तरासाठी निदान आठवडाभर जाऊ देतो आणि नकार दिल्याने मदतीत काहीही फरक पडणार नाही, हे वाक्य संमतीपत्रात सर्वांत वर आणले आहे.

शब्दांच्या बाबतीतही मी आग्रही आहे आणि हा आग्रह नव्याने निघालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1975मध्येच आपल्या यंत्रणांना अधिकृत दस्तऐवजांत 'विनादस्तऐवज किंवा अनियमित स्थलांतरित कामगार' अशी संज्ञा वापरण्याची विनंती केली होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल 2013मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत बदल करून 'बेकायदा' हे विशेषण कृतीला लावावे, माणसाला लावू नये, असे ठरवले. वार्ताहराला हे सांगितले की बहुतेक वेळा तो शब्द बदलतो. निर्वासित आणि आश्रयार्थी या शब्दांतला घोळ मात्र अजून संपलेला नाही. अमेरिकी कायद्यात दोघांनाही छळाच्या भीतीची एकच कसोटी लागू होते; निर्वासिताला देशाबाहेर असतानाच मान्यता मिळते, तर आश्रयार्थी देशात किंवा सीमेवर पोहोचून अर्ज करतो. एवढे एक वाक्य बातमीत नीट आले, तरी वाचकांचे बरेच गैरसमज टळतात.

आमचे सर्वांत महत्त्वाचे वाचक मात्र वर्तमानपत्रांपाशी नसतात. ते व्हॉट्सॲपवर, प्रार्थनास्थळांत आणि आपापल्या भाषेतल्या रेडिओवर असतात. 2019मध्ये 'पब्लिक चार्ज'चा नियम कडक झाला, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता असलेल्याला ग्रीन कार्ड नाकारण्याची व्याप्ती वाढवण्यात आली. नागरिक असलेल्या मुलांनी घेतलेली मदत त्या नियमात पालकांच्या विरोधात धरली जात नव्हती, तरीही भीतीपोटी अनेक कुटुंबांनी मुलांची नावेही अन्नमदतीतून काढून घेतली. आमच्या पत्रकाच्या एका भाषांतरात 'चार्ज' म्हणजे आरोप असा अर्थ घेतला गेला होता आणि 'मदत घेतल्यास तुमच्यावर सार्वजनिक आरोप ठेवला जाईल' असे वाक्य तयार झाले होते. एका वयस्कर स्वयंसेविकेने ते मोठ्याने वाचले आणि त्या मध्येच थांबल्या, म्हणून ते पत्रक छापखान्यात जाण्याआधी सुधारता आले. कोणताही मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला आहे त्यांच्यापैकी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय आता आम्ही तो बाहेर पाठवत नाही.

सही केल्यानंतरही संमती मागे घेता येते, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. संकेतस्थळावरचे छायाचित्र निरोप येताच आम्ही उतरवू शकतो, पण टपालाने देणगीदारांच्या घरी पोहोचलेला अहवाल परत मागवता येत नाही. म्हणून छापील अहवालात यंदा एकही चेहरा नाही.