कांदा तुडवला, पंचनाम्यात मका!

येवल्याकडे जमीन असलेल्यांना आधीच सांगतो, तेल-वायूच्या सर्वेक्षणाची गाडी बांधावर आली की "एकरी किती देता?" विचारून उपयोग नाही. अमेरिकेत जमिनीखालचं तेल खासगी मालकाचं असू शकतं, म्हणून तिथं परवानगी देतानाच एकरामागे डॉलर ठरतात. आपल्याकडे खालचं तेल सरकारचं. मला पैसे मिळाले ते फक्त मोडलेल्या पिकाचे.

सर्वेक्षणवाले शेतात आले तेव्हा माझा उन्हाळ कांदा पोसायला लागला होता. त्यांनी केबल अंथरल्या, जमिनीचे हादरे टिपणारे जिओफोन रोवले, ड्रिलनं भोकं पाडून सुरुंग उडवले. पोरं शिस्तीची होती, भोकं बुजवून गेली. खरा ताप पुढं.

पंचनाम्यात पीक लिहिलं मका! का, तर सातबाऱ्यावर खरिपाचा मका दिसत होता. तो मका कधीच विकून झाला होता. रब्बीची ई-पीक पाहणी मी मुदतीत, फोटोसकट केली होती. नोंद काही बारा नंबरवर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, चढेना. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) म्हणाले, "कंपनीचं पत्र आणा, मग पिकाचा दाखला देतो." ठेकेदाराचा माणूस म्हणे, "आप्पा, आधी दाखला आणा, मग पत्र देतो." बांधावर उभं राहिलं की चाकाच्या दोन चाकोऱ्यांत चेंगरलेली पात, अर्धवट उघडे पडलेले कांदे डोळ्यांनी दिसतात, आणि हा गडी कागदावर बोट ठेवून मला सांगतो, "इथं मका आहे." डोकं फिरलं.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. मंडळ अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, सोबत पाहणीचा फोटो जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. त्या शिक्क्याची प्रत ठेकेदाराच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कुठं कृषी सहायकांना घेऊन माणसं परत शेतात आली. पंचनामा दुरुस्त झाला, पैसे खात्यावर आले. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

हो, दराचं राहिलंच. लासलगाव बाजार समितीचे त्या दिवसांतले भाव अर्जात लिहा, नाहीतर ते त्यांच्या सोयीचा आकडा धरतात. ठिबकची नळी तुटली तर ती वेगळी लिहायला लावा, पिकात धरू देऊ नका. आणि सुरुंगाच्या आधी विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. नंतर काही झालंच तर पुरावा लागतो.

पाइपलाइनवाले आले तर मात्र हिशेब निराळा. मुंबई-मनमाड तेलाच्या पाइपलाइनमुळं आपल्या जिल्ह्याला तो प्रकार नवा नाही. 1962 च्या कायद्यानं नुकसानीशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात, जमीन नावावर राहते, पीकही घेता येतं. पण त्या पट्ट्यात विहीर, घर, झाड नाही. अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस असतात.

शेजारच्या तात्यांचे सर्वेक्षणाचे पैसे मात्र अजून अडकलेत. सातबारा सामाईक आहे, आणि सुरतेच्या बहिणीची सही यायची आहे.