पाय सपाट, दुखणं गुडघ्याचं

जिना उतरताना माझा उजवा गुडघा दुखायचा आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरायची. मी वर्षभर गुडघ्याला मलम चोळत राहिले. चपला कायम आतल्या कडेनेच झिजतात हे दिसत होतं, पण दोन्हींचा संबंध लावला नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा सोडून आधी पावलं बघितली. अनवाणी उभं राहिल्यावर घोटे आत झुकलेले, तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले. मग चवड्यांवर उभं केलं, तर टाचा उचलताच तळव्याला कमान आली. कमान अशी परत येते म्हणजे पाऊल ताठर नाही, व्यायामाला वाव आहे, असं त्यांनी सांगितलं. शेवटी आरशासमोर एका पायावर थोडं वाकायला लावलं. गुडघा सरळ आत घसरला. पाऊल आत कललं की नडगीही आत वळते, आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की गुडघ्याला आवरायला कुणी उरत नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हाच पटलं.

पहिला व्यायाम बघायला अगदी किरकोळ होता. खुर्चीत बसायचं, पाऊल जमिनीवर ठेवायचं आणि बोटं न मुडपता अंगठ्याखालचा चवडा टाचेकडे ओढायचा. पाच आकडे धरायचं, सोडायचं. माझी बोटं आवळायची, पोटरीत गोळा यायचा आणि तळवा मात्र ढिम्म! आठवडाभर रोज हेच. रडू यायचं बाकी होतं. मग बाईंनी कमानीखाली तर्जनीचं टोक ठेवायला सांगितलं. एके दिवशी त्या बोटावरचा दाब हलकेच कमी झाला. केसभरच, पण तळव्याने उचल घेतली होती.

पुढे दोन टाचांमध्ये मोज्यांचा गोळा धरून सावकाश टाचा उचलणं आलं, कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, पावलं जुळवून वरचा गुडघा उघडणं आलं. दात घासताना मी एका पायावर उभी राहते: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, तिन्हींवर सारखा भार. करंगळीकडचा भार सुटला की घोटा लगेच आत जातो.

तीन महिन्यांनी जिना उतरताना दुखणं थांबलं, कंबरही बरीच हलकी झाली. तळवे दिसायला आजही सपाटच आहेत. कमान उंच होईल या आशेने कुणी सुरुवात करू नये. वजन पेलताना पाऊल कोसळत नाही, हा खरा फायदा. मात्र एकच पाऊल अलीकडे सपाट झालं असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल किंवा एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर घरी व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. तिथला स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखावलेला असू शकतो.

माझा डावा पाय अजून मागे आहे. त्याला रोज दहा वेळा जास्त देते.